पनूच्या बंडीतला कापूस

आपा, तुला जाऊन आज नववा दिवस, आणि मी तुझ्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तू इतकी वर्षं माझी बडबड ऐकून घेतलीस, आता एवढीही ऐक. अठरा वर्षांपूर्वी मळ्यातल्या टाक्यात माझी पनू बुडता बुडता वाचली, त्याचं खापर तू स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलंस. चूक माझी होती. तुला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. पण तू असं काही गुपचूप अंगावर घेतलंस की मला खरं बोलायला जागाच राहिली नाही. त्याचा हिशेब मागायचा राहून गेला, आणि तू दमा दमा करत निघून गेलीस.

हिवरखेडला मी लग्न होऊन आले तेव्हा तुझं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कंबरेइतकी भिंत. तुमचं पिंजाऱ्यांचं घर. दिवसभर इस्माईलभाईंच्या मशीनचा घरघराट, आणि तुझ्या केसांत, भुवयांत, पापण्यांवर सदा कापसाचे तंतू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई किती म्हातारी! तू भिंतीवरून माझ्याकडे बघून म्हणालीस, "अवं मास्तरीण, नजर लावतं का? बत्तीसची हाओ मी." मी लाजून आत पळाले होते.

मी दर्यापूरकडची, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातली. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि पिण्याचं पाणी हंड्याने लांबून आणायचं. पाणी म्हणजे डोक्यावरून वाहायची गोष्ट, त्यात शिरायची नव्हे. पोहणं मी सिनेमात पाहिलेलं. तुझी गोष्ट वेगळी होती. तुझा बाप पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या भरत फिरायचा आणि तुम्हा भावंडांना घेऊन पूर्णेच्या काठाकाठाने मुक्काम करायचा. तू चालायला शिकायच्या आधी त्याने तुला डोहात सोडलं होतं, हे तू इतक्या सहज सांगायचीस की ऐकणाऱ्याला धडकी भरावी. सलवार-कमीज घालून तू टाक्यात उतरायचीस आणि गल्लीतली पोरं तुझ्या मागे टुपुटुपु उड्या मारायची. दर उन्हाळ्यात चार-पाच पोरं तुझ्या हाताखालून पोहून निघायची. त्या वर्षांत आमच्या भागात विहिरीकडे फार वेळ बघत बसलेला माणूस दिसला की कुणीतरी त्याला हाताला धरून घरी आणायचं. कापसाने सगळ्यांचीच कंबर मोडली होती. बाया विहिरीचं नाव काढलं तरी पदर तोंडाला लावायच्या. आणि तू त्याच वर्षांत लोकांची तान्ही लेकरं पाण्यात घेऊन हसवत होतीस.

पनू पाच महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन मी माहेरून आले. सासूबाई तिला न्हाऊ घालायच्या ते तुला आठवत असेल. पायावर घेऊन तांब्या वरून धबधबा ओतायचा. पनू अशी किंचाळायची की मशीनच्या आवाजातूनही तुला ऐकू जायचं. एक दिवस तू भिंत ओलांडूनच आलीस.

"आत्याबाई, राग नका मानू, पन पानी लेकराच्या अंगावर आनू नका. लेकराले पान्यापाशी न्या."

"तू मले शिकवतं का?" सासूबाई म्हणाल्या. "तीन लेकरं वाढवले म्या."

"तिन्ही पान्याले भेतात ना पन!"

यावर सासूबाईंनाही हसू आलं, कारण माझा नवरा आजही अंगावर पाणी घेताना आधी 'राम राम' म्हणतो.

मग तू पितळी परातीत कोमट पाणी घेतलंस आणि पनूची फक्त टाच त्यात बुडवलीस. फक्त टाच. मी वाट बघतेय, आता पुढे काय, आता पुढे काय, आणि तू आपली टाच काढतेस, टाच बुडवतेस. पाच दिवस नुसत्या टाचा. मग पोटऱ्या, मग बसवणं, मग तिचं तिनेच हात आपटून आपल्याला भिजवणं. महिन्याभराने तू तिच्या तोंडावर हळूच फुंकर मारलीस. तिने डोळे मिटले, तोंड मिटलं, श्वास धरला, आणि त्याच क्षणी तू ओंजळभर पाणी तिच्या डोक्यावरून सोडलंस. मी किंचाळले. पनू हसली. "तिले समजते," तू म्हणालीस, "तुलेच समजत नाई. नऊ महिने पान्यातच होती ते. आपुनच तिले भेव शिकोतो." मी चिडून म्हणाले होते, की मला शिकवायची गरज नाही, मी बी.एड. आहे. तू किती हसलीस, आपा! त्यानंतर रोज पनूला पाण्यात उतरवताना तू मला बघून म्हणायचीस, "बी.एड. बाई, बाजूले व्हा."

एप्रिलात तू तिला पाण्यावर तरंगायला बंडी शिवलीस. जुन्या लुगड्याची, दुपदरी, छातीवर नि पाठीवर चौकटी चौकटी घातलेल्या, आणि आत सावरीचा कापूस. सातपुड्याच्या पायथ्याकडून सावरीची बोंडं घेऊन एक म्हातारा यायचा, त्याच्याकडून तू निवडून घेतलेला. तेव्हा आपलं भांडण झालं. म्हणजे मीच भांडले.

माझ्या बाबांनी त्या वर्षी कापूस बंद केला होता. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी काळ्या मातीत कापसाशिवाय दुसरं काही पेरलं नव्हतं. आता पुढल्या हंगामापासून सोयाबीन. बोलून काही दाखवत नव्हते, पण मी निघाले तेव्हा रीतीप्रमाणे नातीच्या गादी-दुलईसाठी सरकी काढलेल्या कापसाचं गाठोडं देताना म्हणाले, "शेवटचा आहे माय. जपून वापर." तुझ्याकडूनच मी त्यातून पनूची गादी भरून घेतली. पाव गाठोडं उरलं होतं. मी म्हटलं, बंडीत हाच भर. आजोबांचा कापूस पोरीच्या अंगावर राहील. जंगलातला कापूस कशाला?

तू दोन बोटांत बाबांचा कापूस घेऊन ओढून बघितलास. "मस्त हाये," म्हणालीस. "लांब धाग्याचा हाये. पन ह्यो प्यासा हाये, नंदे. पानी पेते. सावर पानी पेत नाई. तिच्या अंगालेच तेल असते."

"आमच्या कापसात कायम खोटच काढायची का लोकांनी? बाजारात तेच, घरातही तेच!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तू बघितलंस. पण बंडीत सावरच भरलीस.

आठ-दहा दिवस सगळं इतकं छान चाललं होतं. सकाळी आठच्या सुमाराला आपण तिघी मळ्यातल्या टाक्यावर जायचो. पाणी तुझ्या कंबरेच्या वर, पनू तुझ्या दोन हातांवर. मग एका हातावर. मग हात खालून काढून घेतलास आणि मोजलंस, "एक... दोन..." आणि पुन्हा हात. दहापर्यंत गेलीस तेव्हा पनू पाय मारत होती आणि संत्र्याच्या झाडांकडे बघून काहीतरी बोलत होती. मी टाक्याच्या काठावर बसून रडत होते. माझ्या सात पिढ्यांत कुणी पाण्यावर तरंगलं नव्हतं गं.

मग तुला गाद्यांच्या कामासाठी तीन दिवस अकोटला जावं लागलं. बंडीची एक शिवण उसवली होती, सावर भुरुभुरु उडत होती. जाताना तू बंडी माझ्याकडे टाकलीस. "एवढी टीप मारून ठेव. रविवारी आत्याबाईले दाखवू."

टीप मारायची होती, आपा. एवढंच करायचं होतं. मी दुपारी बंडी घेऊन बसले. सावरीच्या भुशीने पनूला शिंका आल्या, एवढं निमित्त पुरलं. मी सगळ्या चौकटी उसवल्या, सावर काढली आणि बाबांचा कापूस भरला. दाबून दाबून भरला. तू सांगितलं होतंस, मी ऐकलंही होतं, आणि तरी भरला. मला वाटलं, तू पिंजारीण आहेस, तुला धंद्याचं कौतुक. कापूस तो कापूस. खात्री करायला बंडी बादलीत टाकली. तरंगली! चांगली पाच मिनिटं तरंगली. मी मनात म्हटलं, बघा, आमचा कापूसही तरंगतो. रविवारी सगळं झाल्यावर तुला सांगणार होते आणि तुझी जिरवणार होते. आईशप्पथ, एवढाच डाव होता.

रविवारी टाक्यावर सासूबाई होत्या, समोरच्या कमलाबाई होत्या, अजून दोन-तीन बाया होत्या. तू पनूला पाण्यात घेतलंस. हात काढलास. तरंगली. बायांनी तोंडाला पदर लावले. तू खुशीत आलीस आणि दोन पावलं मागे सरकलीस, जे तू आधी कधी केलं नव्हतंस. तुझा भरवसा बंडीवर होता. तू तिला हाका मारत होतीस, "ये, ये, ये, राणी माही." पनू आधी हसत होती. मग तिची हनुवटी पाण्याला टेकली. मग तोंड. मला समजलं. सगळ्यांच्या आधी मला समजलं. ओला कापूस तिला खाली ओढत होता आणि मी काठावर दगडासारखी बसून होते.

तू झेप घेतलीस ती मला अजून दिसते. ओढणी पाण्यावर राहिली आणि तू खाली गेलीस. वर आलीस तेव्हा पनू तुझ्या हातात उलटी होती आणि तू तिच्या पाठीवर थापट्या मारत होतीस. तिने पाणी ओकलं आणि टाहो फोडला. त्या टाहोइतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

सासूबाईंनी टाक्यावरच तुझा उद्धार केला. "मारली असती माही पोट्टी! तुह्या भरवशावर लेकरं देतात लोकं?" तू काठावर पनूची बंडी काढत होतीस. काढलीस, आणि सवयीने एकदा मुठीत दाबलीस. पिंजाऱ्याची मूठ ती. एक क्षण थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. मग तू बंडी गुंडाळून आपल्या ओल्या ओढणीत घेतलीस आणि म्हणालीस, "माहीच चूक हाये आत्याबाई. सावर जुनी निंगाली."

बस. एवढंच वाक्य.

का गं आपा? मी किती वेळा विचारायला आले आणि भिंतीवरून मेथीची जुडी देऊन परत गेले. तुझं उत्तर मला माहीत आहे. पहिलीच मुलगी झाली म्हणून सासूबाई आधीच मला धारेवर धरत होत्या, आणि त्यात माहेरच्या कापसाने पोर बुडत होती हे कळलं असतं तर माझं त्या घरात काय झालं असतं, हे तू भिंतीपलीकडून रोज ऐकत होतीस. तू तुझ्या घरी जाऊ शकत होतीस, मला त्याच घरात राहायचं होतं. हे सगळं मला समजतं. पण तू मला विचारलंस का? मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कदाचित बोलले असते. दुसऱ्या दिवशी बोलले असते. तू तोंड उघडून माझी वाट बंद केलीस, आणि मी, भित्री, त्या बंद वाटेवर खुशाल बसून राहिले. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याचीच लाज वाटते.

त्या उन्हाळ्यानंतर तुझ्याकडे एकही पोर आलं नाही. गल्लीतली मुलं टाक्याकडे निघाली की आया हाक मारून परत बोलवायच्या. तू ओट्यावर बसून कापूस निवडायचीस. कुणाचं बाळ दिसलं की हात पुढे करायचीस, आणि बाया हसून, काहीतरी कारण काढून, पुढे जायच्या.

आणि तरी तू काय केलंस? पनू तीन वर्षांची झाल्यावर भिंतीवरून म्हणालीस, "पोट्टीले पानी विसरू देऊ नको. मह्याकडे देत नसतीन तं तू शीक." अठ्ठाविसाव्या वर्षी तू मला टाक्यात उतरवलंस. भर दुपारी, शाळेला सुट्टी, सासूबाई वामकुक्षीला. माझ्यासारखी बथ्थड शिष्या तुला मिळाली नसेल. मी काठ सोडायचेच नाही. तू म्हणायचीस, "काठाले बी.एड. शिकोतं का? सोड ना त्याले!" मी शिकले. मग पनूला मी शिकवलं. पुढे सासूबाईंचा राग निवला, नाशिकच्या पुतणीची मुलं आली, गल्लीतली आली, आणि अशी दर उन्हाळ्यात तीन-चार लेकरं माझ्या हातून पोहून जाऊ लागली. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंचा हात चांगला आहे. तू ओट्यावरून ऐकायचीस. मी टाचेपासून सुरुवात करते आणि तोंडावर फुंकर मारते, हे कुठून आलं ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात तू अंथरुणाला खिळलीस. दर चार शब्दांना धाप. तुझ्या सुनेची, शबानाची, लेक सात महिन्यांची, तुझ्याच उशाशी खेळत होती. तू माझा हात धरलास. "हिले तूच टाक पान्यात," म्हणालीस. "दुसऱ्या कोनाच्या हातानं नको." मी हो म्हटलं. शबाना तिथेच होती, तिनेही मान डोलावली. तू डोळे मिटून हसलीस. मला त्याच क्षणी सगळं सांगायचं होतं, तुझ्यासमोर, तिच्यासमोर. पण तुला धाप लागली आणि शबाना पाणी आणायला उठली.

मग तू गेल्यावर तिसऱ्या दिवशीची जियारत, तुझ्यासाठी दुवा मागायची. बाया बसल्या होत्या. पनूही अमरावतीहून आली होती, माझ्या बाजूला बसली होती. कमलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सोन्यावानी बाई होती. ते एक पोट्टीचं झालं तेवढं सोडलं, तं बोट ठेवाले जागा नाई."

शबानाने मान खाली घातली. आपल्याच घरात, सासूच्या जियारतीला, तिला ते ऐकून घ्यावं लागलं. मला माहीत होतं, मी बोलले तर ती तिची लेक माझ्या हातात देईल की नाही याचा भरवसा नाही. तुला दिलेला शेवटचा शब्द मोडेल. आणि नाही बोलले, तर तुझ्या नावावर ते बोट कायमचं राहील. मी बोलले. सगळं सांगितलं, टीप, बादली, बाबांचा कापूस, तुझी मूठ. बोलताना आवाज इतका चढला की बाहेर बसलेले पुरुषही वळून बघू लागले.

कमलाबाई म्हणाल्या, "आता कावून सांगतं बाई? आता तं ते गेली." पनूने माझ्याकडे बघितलं आणि उठून बाहेर गेली. अजून ती माझ्याशी नीट बोललेली नाही. फक्त एकदा विचारलं, "आपामावशी रोज दिसत होती ना तुले?"

घरी येऊन सासूबाईंनाही सांगितलं. पंच्याऐंशीच्या झाल्यात, ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. त्यांनी खाट धरून ऐकलं आणि म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं. जनमभर कापूस येचला म्या, वली सावर अशी लोंबते का?"

"मग तुम्ही काहून नाही बोललात?"

"तू घरची होती," त्या म्हणाल्या. "ते बाहेरची होती."

मी कोणत्या तोंडाने भांडणार होते? त्यांनी जे एका वाक्यात सांगितलं तेच मी अठरा वर्षं केलं होतं.

काल मी तुझ्या घरी गेले. शबानाने चहा केला. तुझी नात रांगत आली आणि माझ्या मांडीवर चढली. माझ्या बांगड्यांशी खेळत होती. ऊन आता तापू लागलंय, पाणी कोमट ठेवता येईल. मी म्हटलं, "शबाना, परातीपासून सुरू करू या का? नुसत्या टाचा. मी इथेच, तुझ्यासमोर करते."

शबानाने कप खाली ठेवला. मग जवळ आली, पोरीच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

"अभी रहने दो, खाला," ती म्हणाली. अगदी हळू, अदबीने म्हणाली. "अब मेरेकू डर लगता."

तिने बरोबर केलं, आपा. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. माझे हात मात्र तसेच पुढे राहिले, रिकामे, आणि ते मागे कसे घ्यायचे ते मला कळेना. तुझ्यापुढून तर इतकी वर्षं एकेक लेकरू असंच उचलून नेलं गं आम्ही. तू तुझे हात कुठे ठेवायचीस?